अपुरी फाइल आणि बाहेरची चिठ्ठी

दिवाळीच्या आधीची गोष्ट. ओपीडी संपवून मी जेवायला निघालो होतो, तेवढ्यात आमच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्र ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात जाडजूड फाइल. म्हणाल्या, "सर, बारा दिवस व्हेंटिलेटरवर होते ना ते काका, त्यांचा क्लेम नामंजूर झालाय."

ते काका मला चांगले आठवत होते. बाजार समितीत हमाली करणारे, साठीच्या आसपासचे. भर पावसाळ्यात दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया घेऊन आले होते. रात्री दोन वाजता नळी घालावी लागली. बाराव्या दिवशी नळी निघाली आणि पुढच्या आठवड्यात ते स्वतःच्या पायांनी चालत घरी गेले. फेरतपासणीला आले तेव्हा त्यांच्या पत्नीने वॉर्डातल्या सिस्टरांसाठी ओल्या शेंगा आणल्या होत्या. डॉक्टर म्हणून आम्हाला समाधान वाटावं अशी ही केस. मग पैसे का नाकारले गेले?

फाइल उघडली आणि कारण समोर आलं. निदानाच्या रकान्यात फक्त चार अक्षरं होती, 'एलआरटीआय'. म्हणजे श्वसनमार्गाच्या खालच्या भागाचा संसर्ग. या निदानात साधा खोकला-कफही बसतो. 'श्वसनक्रिया निकामी झाली' हे शब्द कुठेच नव्हते. व्हेंटिलेटरच्या नोंदींची तीन दिवसांची पानं गहाळ होती. रक्तातल्या प्राणवायूची तपासणी, म्हणजे एबीजी, आम्ही दिवसातून दोन-तीनदा केली होती. ते यंत्र थर्मल कागदावर छोटी पट्टी छापून देतं. त्या पट्ट्या फाइलला व्यवस्थित चिकटवलेल्या होत्या, पण दोन-अडीच महिन्यांत छपाई उडून त्या कोऱ्या झाल्या होत्या. आणि डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी सही माझीच होती.

क्लेम तपासणारा डॉक्टर दूर कुठल्या तरी कार्यालयात बसलेला असतो. त्याला रुग्ण दिसत नाही, फक्त कागद दिसतो. जे कागदावर नाही ते झालंच नाही, असं धरूनच त्याला काम करावं लागतं. त्याच्या जागी मी असतो, तर मीही तोच शेरा मारला असता.

आजाराचा पत्ता

'बिल' आणि 'कोड' हे शब्द ऐकले की ते कारकुनाचं काम, डॉक्टरचं नव्हे, अशीच आमच्या पिढीची समजूत होती. एमबीबीएसला असताना कोडिंगवर एखादं लेक्चर झाल्याचंही मला आठवत नाही. पण आज रुग्णालयातला जवळपास प्रत्येक रुपया कोडच्या वाटेने येतो, त्यामुळे हा विषय तुमच्यापर्यंतही येऊन पोहोचला आहे.

कोड म्हणजे आजाराचा पिनकोड समजा. पत्त्यात गावाचं नाव कसंही लिहिलं तरी पिनकोडमुळे पत्र बरोबर पोहोचतं. तसंच एकच आजार कुणी मराठीत सांगेल, कुणी इंग्रजीत, कुणी संक्षेपात. कोड मात्र जगभर एकच. याची सुरुवात बिलांसाठी झालीच नव्हती, ती झाली मृत्यूंच्या मोजदादीसाठी. फ्रान्सचे जाक बर्टियों यांनी १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांचं एक वर्गीकरण मांडलं आणि हळूहळू अनेक देशांनी ते स्वीकारलं. १९४८ मध्ये त्याच्या सहाव्या आवृत्तीची जबाबदारी जागतिक आरोग्य संघटनेने घेतली आणि मृत्यूंबरोबर आजारही त्यात आले. यालाच आज आयसीडी म्हणतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी त्याची दहावी आवृत्ती वापरात आहे. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून जागतिक पातळीवर लागू झाली आहे.

दहाव्या आवृत्तीत प्रत्येक आजाराला एक अक्षर आणि काही आकडे मिळतात. प्रौढ वयातला नेहमीचा, म्हणजे टाइप-२ मधुमेह 'ई-११'. त्यातही मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल तर 'ई-११.२', पायाच्या रक्तवाहिन्यांवर झाला असेल तर 'ई-११.५'. हृदयविकाराचा तीव्र झटका 'आय-२१'. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून या पद्धतीची स्वतःची विस्तारित आवृत्ती लागू केली. तिथल्या कोडची संख्या सत्तर हजारांच्या घरात आहे आणि बदक चावलं तर त्यालाही स्वतंत्र कोड आहे. कोड लावणं हा तिथे शिकून करायचा पूर्णवेळ व्यवसाय आहे. आपल्याकडे हे काम रात्रपाळी करून थकलेला निवासी डॉक्टर, डेटा एंट्री ऑपरेटर आणि आरोग्यमित्र मिळून, जमेल तसं निभावतात.

पॅकेजचं गणित

आयसीडी कोड आजार सांगतो. पैसे मात्र मिळतात उपचाराच्या कोडवर, म्हणजे पॅकेजवर. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढे तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली आणि केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. २०२३च्या शासननिर्णयाने संरक्षणाची मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाखावरून ५ लाख रुपये झाली, तर उपचारांची यादी ९९६ वरून १३५६ वर गेली. हजारो कुटुंबांना या योजनांनी कर्जापासून वाचवलं आहे, हे मी रोज डोळ्यांनी पाहतो.

पद्धत थोडक्यात अशी. रुग्ण दाखल झाला की आरोग्यमित्र रेशनकार्ड आणि ओळखपत्र तपासून नोंदणी करतात. डॉक्टर निदान आणि उपचार ठरवतात, त्यानुसार पॅकेजचा कोड निवडला जातो आणि पूर्वपरवानगी मागितली जाते. तातडीच्या वेळी उपचार आधी सुरू होतात, कागद मागून येतात. रुग्ण घरी गेल्यावर तपासण्यांचे अहवाल, रोजच्या नोंदी, डिस्चार्ज कार्ड असं सगळं अपलोड करून क्लेम पाठवला जातो. काही कमी असेल तर शंका विचारली जाते. तिला मुदतीत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पुरेसं नसलं, तर क्लेम नामंजूर होतो.

हे सगळं कागदावर सोपं दिसतं. पण पॅकेज एका आजारासाठी बनवलेलं असतं आणि वॉर्डातला माणूस एकच आजार घेऊन येत नाही. पायाची जखम चिघळलेली म्हणून शेतकरी येतो. तपासलं तर साखर साडेचारशे, क्रिएटिनिन वाढलेलं, हिमोग्लोबिन सात. त्याला शस्त्रक्रिया हवी, इन्शुलिन हवं, रक्त हवं आणि कदाचित डायलिसिसही. यातलं मुख्य निदान कोणतं? सर्जन एक सांगणार, मी दुसरं. दोघांनी आपापल्या नोंदीत वेगळं लिहिलं, तर तपासणाऱ्याला ती विसंगती वाटते आणि फाइल परत येते.

एका शब्दाची किंमत

रुग्णालयात अर्धांगवायूचे रुग्ण रोज येतात. केस पेपरवर निवासी डॉक्टर पटकन लिहितो, 'पॅरालिसिस'. पण मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली तरी अर्धांगवायू होतो आणि फुटली तरी होतो. गुठळी असेल तर 'आय-६३', रक्तस्राव असेल तर 'आय-६१'. दोन्हींचे उपचार जवळजवळ उलटे आहेत. गुठळी वेळेत सापडली तर ती विरघळवणारं इंजेक्शन देतात. तेच इंजेक्शन रक्तस्राव झालेल्या रुग्णाला दिलं तर जीव जाऊ शकतो. सीटी स्कॅन केल्यावर फरक कळतो, डॉक्टरांना तो माहीतही असतो, उपचारही बरोबर होतात. पण डिस्चार्ज कार्डावर शेवटपर्यंत 'पॅरालिसिस'च राहतं. मग कोड लागतो 'आय-६४', म्हणजे 'नेमका प्रकार नमूद नाही'. पैसे अडकतातच. शिवाय हा माणूस वर्षभराने दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे गेला, तर रक्त पातळ करणारी गोळी चालू ठेवायची की नाही, हे त्या कार्डावरून कळत नाही.

संक्षेपांचा गोंधळ आणखी वेगळा. स्त्रीरोग विभागात 'पीआयडी' म्हणजे ओटीपोटातल्या अवयवांची दाहजन्य सूज. अस्थिरोग विभागात त्याच 'पीआयडी'चा अर्थ मणक्यातली सरकलेली गादी. 'एमएस' म्हणजे हृदयाच्या झडपेचं अरुंद होणं, आणि मज्जासंस्थेचा एक दीर्घ आजारही. लिहिणाऱ्याच्या मनात अर्थ पक्का असतो, पण कोड लावणारा मनात शिरू शकत नाही.

याचा दोष केवळ तरुण डॉक्टरांवर टाकणं अन्यायाचं होईल. एका रात्रीत पंचवीस-तीस रुग्ण दाखल होतात तेव्हा निवासी डॉक्टरने आधी सलाइन लावायचं की सुवाच्य अक्षरात पूर्ण निदान लिहायचं? तो सलाइनच लावणार, आणि तेच बरोबर आहे. अडचण अशी की नंतर ते निदान पूर्ण लिहून घेण्याची जबाबदारी कुणाचीच नसते. ती खरं तर माझ्यासारख्या वरिष्ठाची. हमालकाकांच्या फाइलवर मी न वाचता सही केली होती.

'सर, हे पॅकेज बसतंय'

त्या नामंजूर फाइलनंतर काही दिवसांनी वॉर्डात एक बाई दाखल झाल्या. ताप, पेशी कमी, अशक्तपणा. उपचार सलाइन आणि देखरेखीचे. त्या प्रकृतीला साजेसं पॅकेज यादीत मिळेना. आमचा एक हुशार निवासी डॉक्टर फाइल घेऊन आला आणि अगदी चांगल्या हेतूने म्हणाला, "सर, सेप्टिक शॉक लिहू या का? ते पॅकेज बसतंय. पेशंटचेही पैसे वाचतील आणि आपल्यालाही मिळतील."

मी लगेच नाही म्हणालो, असं सांगायला आवडलं असतं. प्रत्यक्षात मी अर्धा मिनिट गप्प होतो. बाहेर त्या बाईंचा नवरा बसला होता, रोजंदारी बुडवून. मग मी त्याला विचारलं, "बीपी कधी खाली आलं होतं का?" तो म्हणाला, "नाही सर." "मग शॉक कसा लिहायचा?" बाईंवर सरकारी रुग्णालयाच्या नेहमीच्या दरात उपचार झाले. चार दिवसांनी त्या घरी गेल्या.

हे मोकळेपणाने लिहितोय, कारण हा मोह सरकारी-खासगी सगळीकडे आहे आणि तो बहुतेकदा दयेच्या रूपात येतो. पण खोटा कोड रुग्णाच्या नावाला चिकटतो. उद्या त्या बाईंनी खासगी विमा घ्यायचा ठरवला, तर न झालेला गंभीर आजार त्यांच्या इतिहासात दिसेल. शिवाय कुटुंबाच्या वर्षाच्या मर्यादेतून न झालेल्या उपचाराची रक्कम वजा झालेली असेल. आणि हे मोठ्या प्रमाणावर झालं, तर योजनेवरचा विश्वासच उडेल. भारताच्या महालेखापरीक्षकांनी आयुष्मान भारत योजनेची तपासणी करून २०२३ मध्ये जो अहवाल मांडला, त्यात सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांची नोंदणी एकाच मोबाइल क्रमांकावर दिसली होती. आधी मृत दाखवलेल्या रुग्णांवर नंतर उपचार झाल्याच्या नोंदीही त्यात होत्या. असं काही उघड झालं की तपासणी कडक होते आणि जास्तीचे कागद प्रामाणिक रुग्णालयांनाही द्यावे लागतात.

पैशापलीकडचा हिशेब

कोड चुकला की फक्त बिल चुकत नाही, देशाची मोजदादही चुकते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दाखल करावं लागलं. कीटकनाशकाच्या विषबाधेला कोड आहे 'टी-६०'. पण त्याच्या जोडीला ती कशी झाली हेही लिहायचं असतं. अपघाताने झाली तर 'एक्स-४८', स्वतःहून घेतलं असेल तर 'एक्स-६८'. केस पेपरवर नुसतं 'पॉयझनिंग' लिहिलं, तर फवारणीत विष अंगावर आलेला मजूर आणि मानसिक आधाराची गरज असलेला माणूस एकाच रकान्यात जाऊन बसतात. एकाला संरक्षक कपडे आणि सुरक्षित फवारा हवा, दुसऱ्याला समुपदेशन. मोजदादीतच वेगळे दिसले नाहीत, तर दोघांसाठीही काही होत नाही.

मृत्यूच्या दाखल्याचंही तेच. 'हृदय बंद पडून मृत्यू' असं सर्रास लिहिलं जातं. हृदय तर प्रत्येकाचं बंद पडतं. ते कशामुळे पडलं, हा प्रश्न असतो. क्षय, मूत्रपिंडाचा विकार की साप चावला? २०२०च्या अहवालानुसार देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२-२३ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. त्यातही कारण मोघम असेल, तर औषधं आणि खाटा कुठे द्यायच्या हे कशावरून ठरवायचं?

चिठ्ठी कुणाच्या हातात पडते?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हमालकाकांचा क्लेम बुडाला, त्यांना मात्र एक रुपयाही द्यावा लागला नाही. मग नुकसान कुणाचं झालं? सरकारी रुग्णालयाला अशा क्लेममधून मिळणारी रक्कम औषधं, नळ्या, किट, यंत्रांची दुरुस्ती यांसाठी वापरता येते. ती आली नाही, की भांडारातलं काही ना काही संपतं. त्याच महिन्यात आयसीयूतल्या एका मुलीच्या आईच्या हातात मी मोठ्या शिरेत घालायच्या नळीच्या किटची चिठ्ठी दिली. ती माउली पदराच्या गाठीतले पैसे मोजत औषधाच्या दुकानाकडे गेली. बुडालेला क्लेम आणि ती चिठ्ठी यांचा थेट हिशेब जुळवता येणार नाही. पण एका खाटेवरची अपुरी फाइल शेजारच्या खाटेवर बाहेरची चिठ्ठी होऊन येते, हे मला त्या दिवशी समजलं.

आम्ही फेरविचारासाठी अर्ज केला. एक सिस्टर प्रत्येक एबीजीचे आकडे स्वतःच्या नोंदवहीत लिहून ठेवत होत्या. ती पानं जोडली आणि काही रक्कम मिळाली. बाकीची गेली.

त्यानंतर वॉर्डात तीन साधे नियम केले. थर्मल पट्टी आली की लगेच तिचा फोटो किंवा झेरॉक्स काढायची. डिस्चार्ज कार्डावर निदान संक्षेपात लिहायचं नाही. आणि आठवड्यातून एकदा आरोग्यमित्र, सिस्टर, निवासी डॉक्टर आणि मी, चौघांनी बसून परत आलेल्या फाइली वाचायच्या. यासाठी पैसे लागले नाहीत, अर्धा तास लागला. शंका कमी झाल्या आहेत, संपलेल्या नाहीत. त्या संपवायच्या तर मोठ्या रुग्णालयांत प्रशिक्षित कोडर नेमायला हवेत आणि वैद्यकीय अभ्यासक्रमात नोंदी लिहिण्याला गुण हवेत. तसंच अनेक आजार एकत्र असलेल्या रुग्णांसाठी पॅकेजची रचनाही लवचीक व्हायला हवी.

तुम्ही काय करू शकता?

* रेशनकार्ड, आधार आणि केस पेपर यांवरचं नाव, वय, आडनाव एकसारखं आहे का, हे दाखल होतानाच पाहा. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत इथेच जास्त अडतं.
* दाखल झाल्याबरोबर आरोग्यमित्रांना भेटा, डिस्चार्जच्या दिवशी नको. आपला आजार योजनेत बसतो का, हे तेव्हाच विचारा.
* आजाराचा इतिहास खरा सांगा, पण अंदाजाने वर्षं सांगू नका. 'बीपी दहा वर्षांपासून असेल' असं शेजारी सहज बोलून जातो, ते केस पेपरवर लिहिलं जातं आणि खासगी विम्यात तेच कारण दाखवून क्लेम अडतो. नक्की माहीत नसेल तर 'नक्की माहीत नाही' असंच सांगा.
* खासगी विमा असेल तर लक्षात ठेवा: विमा नियामकाच्या २०२४च्या निर्देशांनुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा आहे.
* डिस्चार्ज कार्ड हातात आल्यावर तिथेच वाचा. निदान कळलं नाही तर विचारा. थर्मल कागदावरच्या ईसीजीची झेरॉक्स त्याच दिवशी काढा.
* क्लेम नामंजूर झाला, तर कारण लेखी मागा. कागद अपुरा असेल तर तो जोडून फेरविचार मागता येतो.

आणि एक विनंती. डिस्चार्ज कार्डावरचा शब्द वाचता येत नसेल, तर 'डॉक्टरांचं अक्षर असंच असतं' म्हणून घडी घालून पिशवीत टाकू नका. "डॉक्टर, हे काय लिहिलंय?" असं खुशाल विचारा. मला आजकाल वॉर्डात हे कुणी विचारलं, तर राग येत नाही. मी पेन काढतो आणि पूर्ण शब्द लिहितो.